कुंडाभोवतीचं गाव

संपादक महोदय,
पावसाळी पिकनिकच्या बातम्यांत वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीचं नाव येतं, पण फक्त रिसॉर्टच्या रेटसकट. अहो, ही वस्तीच मुळात गरम पाण्याच्या कुंडांभोवती वाढली! पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि तानसा नदीच्या काठाला वर येतं, ज्वालामुखी वगैरे काही नाही. त्यात चिमाजी अप्पांचा वज्रेश्वरी देवीला नवस, १७३९ ला वसई जिंकली आणि मग देवीचं किल्ल्यासारखं देऊळ उभं राहिलं. पुढे गणेशपुरीत नित्यानंद बाबा आले, १९६१ ला त्यांनी देह ठेवला तोवर भक्तांची रीघ लागलेली, मग लॉज, खानावळी, हार-प्रसादाची दुकानं सगळं मागोमाग.

लहानपणी आम्ही ठाण्याहून एसटीने जायचो, आजी गुडघ्यांसाठी कुंडात बसायची आणि आईची चांदीची जोडवी त्या गंधकाच्या पाण्याने काळी पडायची, मग घरी आल्यावर रांगोळीने घासत बसायची बिचारी. परवा गेलो तर कुंडात शाम्पूची पाकिटं तरंगत होती आणि या इतिहासाचा साधा बोर्ड मला कुठे दिसला नाही. रिसॉर्टचे मात्र पंधरा मोजले. निदान एक तरी बोर्ड लावा की राव.

– एक वाचक, ठाणे