नमुने घेण्याआधी: एका मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नाल्यातून नदीत येणाऱ्या सांडपाण्याचा तळजीवांवर, म्हणजे तळाच्या गाळात राहणाऱ्या जीवांवर, काय परिणाम होईल हे पाहण्यासाठी नमुने घेण्याचा तुझा आराखडा वाचला. नाल्याच्या मुखाच्या वर एक जागा, खाली एक जागा, दोन्हीकडून गाळाचे पाच-पाच नमुने, तळजीवांची मोजणी, शॅनन निर्देशांक (प्रजातींच्या विविधतेचे माप) आणि शेवटी टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी), हे पाहून मला माझे जुने काम आठवले. मीही खाडीत नेमके हेच केले होते आणि पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०१ च्या आत आले म्हणून सगळ्यांना चहा पाजला होता.

पण एका जागेवरून पाच वेळा गाळ उचलला तरी जागा एकच राहते. सांडपाण्याचा थेंबही पडत नसला तरी नदीच्या कोणत्याही दोन जागा वाळू, खोली आणि प्रवाह यांमुळे निराळ्या असतात. नमुने पुरेसे वाढवले की चाचणी तो फरक पकडतेच, पण त्याचे कारण सांगत नाही. एकाच जागेचे नमुने स्वतंत्र पुरावे म्हणून मोजण्याच्या या चुकीला परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये आभासी पुनरावृत्ती म्हटले. तुझ्या नाल्यात सांडपाणी सोडायला अजून आठ महिने आहेत, म्हणजे आधीची स्थिती मोजून ठेवता येईल, हे तुझे भाग्यच.

आधीची मोजणी कशी कामी येते ते बघ: फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ १६ मार्च १९७८ रोजी ‘अमोको काडिझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि सुमारे २,२०,००० टन तेल समुद्रात गेले. तिथून सुमारे ४० किलोमीटरवरच्या मोर्ले उपसागरात तळजीवांची नियमित मोजणी १९७७ पासूनच चालू होती, म्हणून वाळूत नळ्या करून दाटीने राहणारे अँपेलिस्का हे छोटे कवचधारी जवळपास नाहीसे झाल्याचे आकड्यांत दिसले. त्यांची पिल्ले आईच्या पोटाखालच्या पिशवीतच वाढतात, पाण्याबरोबर दूर वाहत येत नाहीत; त्यामुळे ती वस्ती पुन्हा भरायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. अर्थात तीही एकच जागा होती, हे तू मला सुनावशीलच. तिथे घसरण इतकी मोठी होती आणि या प्राण्यांची तेलाबाबतची नाजूकता इतकी परिचित होती की निष्कर्ष टिकला. तुझ्या नाल्याचा परिणाम एवढा ठसठशीत असेलच असे नाही.

शॅननवरही एकट्यावर विसंबू नकोस. संवेदनशील प्रजाती जाऊन तितक्याच संख्येने चिवट प्रजाती आल्या तर तो निर्देशांक हलतही नाही. उत्तर समुद्रातील इकोफिस्क तेलक्षेत्राभोवती विविधतेची घट अगदी जवळच्या पट्ट्यातच दिसली. ब्रे-कर्टिस साम्यावरून, म्हणजे दोन नमुन्यांतील प्रजाती आणि त्यांच्या संख्या किती जुळतात यावरून, नमुन्यांची मांडणी केली तेव्हा मात्र प्रजातींच्या रचनेतील बदल सुमारे तीन किलोमीटरपर्यंत उघड झाला.

म्हणून वरच्या अंगाला किंवा शेजारच्या तशाच ओढ्यांवर निदान तीन-चार तुलनेच्या जागा निवड, प्रत्येकी दोन-तीन नमुने पुरेत, आणि मोजणी आत्ताच सुरू कर. पावसाळ्यातला पूर तळच धुऊन नेतो, तेव्हा आधीचे आणि नंतरचे महिने जुळव. गाळातून जीव वेगळे करण्याची चाळणीही पहिल्या दिवसापासून एकच, ०.५ मिलिमीटरची ठेव. पहिली यादी हाती आली की मला पाठव.

तुझा,
जुना वर्गमित्र