फिल्टर प्लांटवर रात्री माणूस कोण? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जलशुद्धीकरण केंद्रांवरील कुशल पदे ठेक्याने भरण्याबाबत

महोदय,

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने नऊ खासगी एजन्सींमार्फत अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा चारही वर्गांतली माणसे सरकारी कामाला घेण्याचा निर्णय काढला. राज्यभर संताप उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. पाणीपुरवठ्यातल्या लोकांना तेव्हा वाटले, आता तरी रिकाम्या जागांवर कायमची माणसे येतील. आज पुन्हा एका नगरपरिषदेची निविदा समोर आहे. जलशुद्धीकरण केंद्र चालवणे, मुदत अकरा महिने, सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम. ऑपरेटरची पात्रता दहावी पास. अनुभवाची अट आहे, पण ती ठेकेदाराच्या फर्मला. तुरटीच्या टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला नाही. शासन निर्णय गेला, पद्धत मात्र जागच्या जागी आहे.

हे काम काय असते ते आधी सांगतो, कारण आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदे हवीत हे ठरवणाऱ्यांनी ते पाहिलेले नाही अशी माझी खात्री झाली आहे.

साधारण ७० हजार वस्तीच्या शहराचे एक कोटी लिटरचे केंद्र घ्या. उन्हाळ्यात नदीच्या पाण्याचा गढूळपणा १० एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचे एकक) आसपास असतो. पहिला पूर आला की काही तासांत तोच आकडा ५०० च्या पुढे जातो. त्या क्षणी जार टेस्ट, म्हणजे तुरटी किती घालायची ते ठरवणारी चाचणी, करावी लागते. सहा चंचुपात्रांत एकेक लिटर कच्चे पाणी. दहा ग्रॅम तुरटी एक लिटरमध्ये विरघळवली की त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम तुरटी जाते. पात्रांत दोनपासून सातपर्यंत मिलिलिटर सोडायचे, मिनिटभर १०० फेऱ्यांनी जोरात ढवळायचे, मग पंधरा-वीस मिनिटे ३० फेऱ्यांनी हळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. ज्या पात्रात सर्वांत कमी तुरटीत गाळ नीट बसून वर पाणी स्वच्छ दिसते, तो डोस. समजा तो ४० मिलिग्रॅम आला, तर दिवसाला ४०० किलो तुरटी आणि पाच टक्के द्रावण असेल तर मिनिटाला साडेपाच लिटर. हे पाणी बदलेल तसे दिवसातून चार-चार वेळा करावे लागते.

न शिकवलेला माणूस मागच्या पाळीने जिथे नळ ठेवला तिथेच ठेवतो, किंवा घाबरून पूर्ण उघडतो. जास्त तुरटीने पाणी जास्त स्वच्छ होत नाही. तुरटी पाण्यातली अल्कता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खाते. सह्याद्रीतून येणाऱ्या पावसाळी पाण्यात अल्कता मुळातच कमी, सोबत चुना दिला नाही तर सामू घसरतो, गाळाचे कण बांधलेच जात नाहीत आणि अॅल्युमिनियम पाण्यातून पुढे जाते. तुरटी कमी पडली तर सगळा भार वाळूच्या गाळणीवर. चोवीस तासांनी करायचा बॅकवॉश, म्हणजे उलटे पाणी सोडून वाळू धुणे, मग सहा तासांनी करावा लागतो. तो हवा न देता, घाईत उरकला की वाळूत चिखलाचे गोळे धरतात, थराला भेगा पडतात आणि त्या भेगांतून गढूळ पाणी थेट शुद्ध पाण्याच्या टाकीत उतरते. प्रमाणक १ एनटीयू आहे. गढूळपणाच्या आड जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गॅस्ट्रोची साथ आली की मग पाइपलाइनमधली गळती शोधायला पथके निघतात.

आणि क्लोरीन. ९०० किलोचा टनर, म्हणजे क्लोरीनची मोठी टाकी, आडवा ठेवतात, त्याचे दोन व्हॉल्व्ह एकावर एक उभ्या रेषेत आणून. वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. गळती झाली तर पहिले काम म्हणजे टनर फिरवून गळती वरच्या बाजूला आणणे, म्हणजे द्रवाऐवजी फक्त वायू सुटतो. द्रव सुटला तर त्याचा सुमारे साडेचारशे पट वायू होतो, हवेपेक्षा अडीच पट जड, जमिनीलगत पसरत जाणारा. गळती कुठे आहे ते अमोनियाच्या बोळ्याने पाहतात, पांढरा धूर निघतो. तिच्यावर पाणी मारायचे नाही; पाण्यासोबत आम्ल तयार होऊन ते धातू खाते आणि भोक मोठे होते. वारा पाठीवर येईल अशा बाजूने, सिलिंडरवाला श्वसनसंच घालून, दोघांनी जायचे. एकट्याने कधीच नाही. रात्री अडीच वाजता हे वाचून करता येत नाही, त्याला आधी दहा वेळा हात लागलेला असावा लागतो. अकरा महिन्यांच्या माणसाचा हात बसेपर्यंत त्याचा ठेका संपतो.

माणसे मिळत नाहीत, असे उत्तर मंत्रालयातून येते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, खुल्या वर्गाकडून हजार रुपये शुल्क घेऊन. माणसे आहेत. आयटीआयमध्ये रासायनिक प्लांटच्या अटेंडंट ऑपरेटरचा दोन वर्षांचा ट्रेडही आहे. ती मुले कारखान्यात जातात, कारण इकडे त्यांच्यासाठी नोकरी नाही, ठेका आहे. ठेक्याचे गणितही उघड आहे. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, विमा या रकमा कायद्याने ठरलेल्या, त्यावर बोली लावता येत नाही. उरते ठेकेदाराचे सेवाशुल्क. ते जवळपास शून्यावर आणून जो काम घेतो, तो पैसे माणसांतूनच काढणार : मस्टरवर सहा, प्लांटवर चार. हे लेखापरीक्षकाला कळते, मुख्याधिकाऱ्यांना कळते, आपल्या विभागालाही कळते.

आकृतिबंधातही तीन पाळ्या म्हणजे तीन माणसे असा हिशेब मांडला जातो. आठवड्याच्या एकवीस पाळ्या, एक माणूस सहा करतो. एका जागेला साडेतीन माणसे लागतात, रजा-आजारपण धरले की पाच. कमी असतील तर माणूस सलग सोळा तास उभा राहतो आणि अशाच वेळी टनर बदलताना चूक होते.

२०२२ मध्ये ७५ हजार पदांच्या भरतीची घोषणा झाली. पदभरतीवरचे निर्बंध शिथिल करताना वाहनचालक आणि गट-ड ची पदे मात्र त्यातून वगळली. व्हॉल्व्हमन, मदतनीस बहुतेक ठिकाणी गट-ड मध्येच मोडतात. शहराच्या कोणत्या गल्लीत कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, हे नकाशावर नसते, त्या माणसाच्या डोक्यात असते. तो निवृत्त होतो आणि ते ज्ञान घरी जाते. निवृत्तीची तारीख तर रुजू झाल्याच्या दिवशीच कळलेली असते. तरीही पद रिकामे झाल्यावर बिंदुनामावली (आरक्षणाची क्रमवारी) तपासणी, मग मागणीपत्र, जाहिरात, संगणकावरची परीक्षा, वेगवेगळ्या सत्रांतल्या गुणांचे सामान्यीकरण, हरकती, कागदपत्र पडताळणी. नवा माणूस येईपर्यंत शिकवणाऱ्याला जाऊन दोन-तीन पावसाळे झालेले असतात.

परीक्षेतही पर्यायांतून उत्तर निवडायचे. वाहनचालकाला गाडी चालवून दाखवावी लागते, लघुलेखकाला लिहून दाखवावे लागते. शहराला पाणी पाजणाऱ्याला काहीच करून दाखवावे लागत नाही.

ठेक्यावरची माणसे वर्षानुवर्षे तेच काम करतात आणि कायम करा म्हटले की सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा उमादेवी निकाल पुढे धरला जातो, की नियमित भरतीशिवाय घेतलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. त्याच निकालात मंजूर पदांवर दहा वर्षे राबलेल्यांसाठी एकदाची सोय सांगितली होती, ती कोणी वाचून दाखवत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, की कायम स्वरूपाचे काम तात्पुरत्या नावाखाली करून घेण्यासाठी हा निकाल ढाल म्हणून वापरता येणार नाही. तरी निविदा निघतच आहेत. कायदा पाळायची जबाबदारी फक्त नागरिकांचीच आहे काय?

आमचे म्हणणे अवघड नाही. पद रिकामे व्हायच्या वर्षभर आधी जाहिरात द्या, म्हणजे जाणारा आणि येणारा एक अख्खा पावसाळा बरोबर काढतील. निवडीत जार टेस्ट आणि टनर हाताळणीची प्रात्यक्षिक परीक्षा ठेवा. जिथे ठेका आहे तिथे मुदत संपेपर्यंत पात्रता माणसाला लावा, फर्मला नाही, आणि पगार थेट बँक खात्यात गेल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय बिल काढू नका.

आणि येत्या जूनच्या आत निदान एवढे करा. राज्यात जिथे जिथे टनर वापरतात, अशा प्रत्येक केंद्रावर रात्रपाळीला तो फिरवता येणारी दोन माणसे आहेत की नाहीत, याची यादी मागवा आणि जाहीर करा.

आपला,
पाणीपुरवठ्यातला एक तंत्रज्ञ