फोटो उलटून पाहणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही चहा सांगता आणि विषय संपवता. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. तुमच्या फोटो-झेरॉक्सच्या दुकानाचं नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. नाशिकरोडच्या ज्या मंडळींना कळायचं त्यांना कळेलच.

जुन्या फोटोंची जी पेटी मी तुमच्याकडे आणली, ती आमच्या मास्तरांच्या घरातली. इतर वाचकांसाठी सांगते, नगर-नाशिकच्या कॅथलिक मिशनमध्ये मास्तर म्हणजे नुसता शाळेतला मास्तर नव्हे. फादर एक आणि गावं ढीगभर. ते येतील तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. एरवी प्रार्थना घ्यायची, पोरांकडून बाराखडी घोटून घ्यायची, धर्मशिक्षण द्यायचं, कुणी आजारी असेल तर उशाशी बसायचं, मयताला उभं राहायचं, हे सगळं मास्तरांचं काम. आमच्यातल्या कितीतरी घरांचा इतिहास फादरांइतकाच या मास्तरांच्या हाताने लिहिला गेला आहे. मास्तर गेले, मुलं पांगली, पेटी माळ्यावर राहिली आणि गेल्या पावसाळ्यात छत गळून फोटोंचा नुसता चिखल झाला.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे गेले ते आज सांगूनच टाकते. शहरातल्या एका संस्थेत, जिथे जुनी कागदपत्रं जपतात असं ऐकलं होतं, तिथल्या गृहस्थांनी पेटीचं झाकणही उघडू दिलं नाही. "नाशिकचे ख्रिस्ती म्हणजे शरणपूर ना? ते सगळं लिहून झालंय," म्हणाले. शरणपूरचा इतिहास मोठा आहे, मान्यच. तिथे आफ्रिकेतली, गुलामीतून सोडवलेली मुलं शिकली, त्यांतल्या जेकब वेनराइटने आफ्रिका धुंडाळणाऱ्या डॉ. लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाला इंग्लंडपर्यंत सोबत केली. पण ते प्रॉटेस्टंट मिशनचं गाव. आमचे आजे-पणजे नगरकडच्या जेसुइट या कॅथलिक संघाच्या मिशनमधले, पुढे रेल्वेत आणि सरकारी प्रेसमध्ये नोकरीला लागून नाशिकरोडला आलेले. हे मी सांगत होते आणि ते गृहस्थ मोबाइल बघत होते. दुसऱ्या एका ठिकाणी, चांगल्या झगमगीत दुकानात, फोटोमागे दर सांगितला आणि वर, "हे असले फोटो ठेवून करणार काय? नवीन काढून घ्या की." पणजीचा नवीन फोटो कुठून काढणार, तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. आमच्या लोकांनाही सोडत नाही मी. सणाच्या आधी रंगकाम निघालं की जुने अल्बम रद्दीत टाकणारे आमच्यातही आहेत, आणि वर्गणी काढून फ्लेक्स छापायला तेच पुढे असतात.

तुम्ही पेटी उघडलीत आणि पहिला शब्द काढलात तो, "कुणी उन्हात वाळवायला ठेवले नाहीत ना?" मग आतून स्वच्छ पाण्याचं घमेलं आणलंत. ओले फोटो परत पाण्यात घालणारा माणूस पाहून माझ्या भावाच्या पोटात गोळा आला होता, हे तुम्हाला आज कळू दे. पण चिकटलेले कृष्णधवल फोटो वाळले तर जन्मात सुटत नाहीत, वरचा जिलेटिनचा थर एकमेकांना धरून बसतो आणि ओढला की चेहऱ्यासकट निघतो. पाण्यात तो सैल पडतो. तुम्ही एकेक फोटो पाण्यातच अलगद सोडवत गेलात आणि चेहऱ्याची बाजू वर ठेवून मांडत गेलात. पासपोर्ट फोटोच्या गिऱ्हाइकांना त्या दिवशी तुम्ही परत पाठवलंत, तेही मी पाहिलं.

यातलं बरंचसं कसब आहे, आणि कसबाचे पैसे देता येतात. हे पत्र लिहायला लावलं ते पुढच्या एका गोष्टीने.

फोटो वाळले, तुम्ही स्कॅन करायला घेतलेत. पहिला फोटो झाला. मी दुसरा पुढे केला. तुम्ही तो घेतला नाहीत. पहिलाच उचललात, उलटा केलात आणि त्याची पाठ स्कॅन केलीत. मी म्हटलं, काका, मागे काही नाही, डाग आहेत. तुम्ही काहीच बोलला नाहीत. फोटो जरा तिरका धरून दिव्याखाली नेलात, आणि त्या तपकिरी डागाखाली पेन्सिलीच्या रेघा चमकल्या. मास्तरांचं अक्षर! डावीकडून कोण, उजवीकडून कोण, कुणाची थोरली, कुणाची सासू, कुठल्या गावची. नंतर तुम्ही प्रत्येक फोटोची पाठ घेतलीत, जी कोरी दिसत होती तीसुद्धा. त्याचे पैसे लावले नाहीत. लावा म्हटलं तर म्हणालात, "पाठ फोटोचीच असते ना?"

काका, त्या पाठी नसत्या तर आमच्याकडे काय उरलं असतं? पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीच्या, डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेल्या परकरातल्या मुली. नऊवारीतल्या बायका, मधोमध दाढीवाले गोरे फादर. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या यात्रेची बैलगाड्यांची रांग. बघायला छान, पण सगळी माणसं अनोळखी. आज त्या मुलींतली एक जेलरोडला राहते. पडद्यावर चेहरा मोठा करून दाखवला तेव्हा तिने आधी स्वतःला नाही, शेजारच्या मैत्रिणीला ओळखलं. ती बाळंतपणात गेलेली, मागे एकही फोटो नाही असं तिच्या माहेरचे आजवर समजत होते.

ज्या फोटोंना आपण नवे समजतो तेच आधी जातात, हेही तुमच्याकडूनच कळलं. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, थॉमस भालेराव आमचे पहिले बिशप झाले. त्या काळचे रंगीत फोटो घरोघर आहेत आणि घरोघर लालसर पडत चालले आहेत, कारण रंगीत फोटोतले रंग उडतात आणि जुन्या कृष्णधवल फोटोतली चांदी टिकते. शिवाय ते चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले. दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा फिरवून तुम्ही ते सोडवलेत, आणि जे सुटेनात ते पानासकट स्कॅन केलेत. ओढाताण एकाचीही केली नाहीत.

मूळ गावच्या चर्चच्या रजिस्टरांसाठी तर तुम्ही एसटीने आलात. फादरांनी परवानगी दिली होती, पण मनातून धास्तावले होते. साहजिक आहे. बाप्तिस्म्याच्या त्या वह्यांत नुसती नावं नसतात, कुणाचा बाप माहीत नाही हेही असतं, समासात पुढचं लग्न कुठे झालं तेही असतं. तुम्ही वही काचेवर पालथी घातली नाहीत. दोन्ही पुठ्ठ्यांखाली उशा दिल्यात आणि वरून कॅमेरा लावलात, फ्लॅश बंद. लॅटिनमधल्या नोंदी, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला अचानक बदललेलं हस्ताक्षर. तुम्ही विचारलंत, हे लिहिणारे कुठे गेले? फादरांनी सांगितलं, की जर्मन फादर होते ते, युद्धात इंग्रज सरकारने शत्रूचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध केलं आणि नंतर मायदेशी धाडलं. आपल्या नगरलाच जर्मनांची मोठी छावणी होती. १९०३ साली आमचं 'निरोप्या' मासिक सुरू करणारे हेन्री डोरिंग त्याच पिढीतले. तुम्ही ऐकत होतात, पान उलटत नव्हतात. निघताना सगळं पेनड्राइव्हवर फादरांच्या हाती दिलंत आणि त्यांच्यासमोर कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलंत. फादरांच्या कपाळावरची आठी तिथे गेली.

तुम्ही आषाढीला वारकऱ्यांचे फोटो काढता, कुंभमेळ्यात रात्ररात्र रामकुंडावर उभे राहता, आणि आमच्या मतमाउलीच्या फोटोवरची धूळ त्याच मऊ ब्रशने झाडता. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? विशेष नसायला हवं हे खरं. पण हल्ली ते विशेष झालं आहे काका, म्हणून लिहावं लागतं. कुणाचं आहे हे न विचारता वस्तू नीट धरणारी माणसं आपल्या गावात अजून आहेत, आणि ती बहुतेक अशाच आतल्या गल्लीत, झेरॉक्सच्या मशीनमागे बसलेली सापडतात.

एक काम राहिलंय. पाठीवरची बरीच नावं लागली, काही नाही लागली. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला गावोगावची माणसं नाशिकरोडला येतात, तेव्हा ते फोटो मोठे करून मांडायचे असं आम्ही ठरवलं आहे. फोटोशेजारी पेन्सिल बांधून ठेवू, म्हणजे ओळखेल त्याने नाव लिहावं. प्रिंट तुम्हीच काढायच्या. आणि इगतपुरीच्या एका रेल्वेवाल्या घरातून दुसरी पेटी निघाली आहे, त्यात काचेच्या निगेटिव्ह आहेत म्हणतात. तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे त्यांना हात लावू दिलेला नाही, पाण्यात तर नाहीच नाही. सोमवारी घेऊन येते. या वेळी बिल पूर्ण लावा, पाठींचंसुद्धा, नाहीतर भाऊ पेटी गाडीतून उतरवणार नाही म्हणतो.

आपली नम्र,
प्रेसमधल्या आजोबांची नात,
नाशिकरोड