शाळेचा पट ११. पण ती ११ मुले कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की कमी पटाच्या सरकारी प्राथमिक शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याची चर्चा सुरू होते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या मराठी शाळेचा पट यंदा ११ आहे. पुढच्या यादीत आपलाही नंबर लागणार, असे गावात सगळे धरूनच चाललेत. मी पालक-शिक्षक संघात आहे. प्रवेशाच्या दिवसांत बाईंना मदत करायला बसते, तेव्हा रजिस्टरातले एकेक नाव डोळ्यांखालून जाते. म्हणून हे पत्र.

मी याच शाळेत १९८६ साली पहिलीत बसले. वर्गात पंचवीसेक मुले, सगळी वाड्यावरचीच. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातली ही एक. भाऊसाहेबांचा फोटो अजून फळ्याच्या वर आहे. खाली बसणारी मुले मात्र बदलली आहेत.

यंदाच्या ११ पैकी पाच मुले कानडी बोलणारी, चिरेखाणीवर नाहीतर बांधकामावर आलेल्या कुटुंबांची. तीन धनगरांची. एकाचे वडील झारखंडहून काजूच्या बागेत राखणीला आलेत. गावातली फक्त दोन, त्यातली एक माझी धाकटी. आम्हा गावकऱ्यांच्या घरीही बोलतात ती कोंकणीच. वाचायला, लिहायला, आरती-भजनाला मराठी, हे आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात मराठी मातृभाषा सांगणारे जवळपास ११ टक्के होते आणि कन्नड सांगणारे साडेचार टक्क्यांच्या वर. आमच्या वर्गात कानडी मुले निम्म्याच्या आसपास आहेत.

त्यातल्या एका मुलीविषयी सांगायलाच हवे. गेल्या वर्षी पावसात, जुलै अर्धा सरल्यावर, तिची आई तिला घेऊन आली. हातात जुन्या शाळेचा दाखला नव्हता, जन्माचा कागदही नव्हता. कागद नाहीत म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. बाईंनी तो शब्दशः पाळला आणि तिला त्याच दिवशी बसवून घेतले. पहिले कितीतरी दिवस ती ‘नीरु’ एवढा एकच शब्द बोलायची, पाणी हवे असले की. मग मधल्या सुट्टीत पाव-भाजी खाताना माझ्या मुलीशी तिची गट्टी जमली. दोघींनी एकमेकींना आपापल्या भाषेतले आकडे शिकवले. सरस्वती पूजनाच्या रात्री हीच मुलगी माईकसमोर उभी राहून कवितेची आठही कडवी न अडखळता म्हणून गेली. तिचे वडील मागे भिंतीला टेकून उभे होते, कामावरच्या लाल मातीच्या कपड्यांनीच. पट मोजताना ही मुलगी म्हणजे फक्त एक आकडा!

गावातली मुले कुठे गेली? इंग्रजीकडे, असे सगळे म्हणतात, आणि ते खोटे नाही. १९९० पासून प्राथमिक स्तरावर अनुदान प्रादेशिक भाषांच्या शाळांनाच होते. २०११ नंतर ते इंग्रजीलाही मिळू लागले. पण माझ्या डोळ्यांदेखत मुले जातात ती त्याही आधी, केजीला. सरकारी शाळेत मूल सहा वर्षांचे झाल्यावर येणार. तिकडे तिसऱ्या वर्षी त्याचा गणवेश शिवून होतो. एकदा तिथे रुळलेले मूल पहिलीला परत कोण आणणार? त्यात अनुदानित शाळांचा बालरथ, म्हणजे मुलांना नेणारी बस, देवळाजवळ येऊन थांबतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून एकच पायाभूत टप्पा धरला आहे. मग सरकारी शाळेच्या आवारात तो टप्पा पहिल्या वर्षापासून का सुरू होत नाही? मला खात्री आहे, बालवर्ग आमच्या शाळेतच असता तर निदान चार-पाच घरांनी मूल बाहेर पाठवले नसते.

आता विलीनीकरण झाले तर काय होईल ते सांगते. जवळची दुसरी शाळा अडीच किलोमीटरवर. वाटेत व्हाळ म्हणजे ओढा, त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साकवाला लागते. माझ्याकडे स्कूटर आहे, मी माझ्या मुलीला पोचवीन. खाणीवरची आई-बापे सकाळी सातला कामावर गेलेली असतात. त्यांची मुले घरी राहतील, धाकट्या भावंडांना सांभाळतील, आणि कागदोपत्री मात्र दुसऱ्या शाळेत दाखल झालेली असतील. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, हे शिक्षण हक्काच्या नियमांतच आहे. साठपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक, हेही त्याच कायद्यात आहे. आमच्याकडे एकच बाई चार इयत्ता सांभाळतात, आणि मतदार यादीचे काम निघाले की त्यांना तिकडेही धावावे लागते. एकशिक्षकी शाळा बघून पालक मूल काढतात, मूल काढले की पट घटतो, आणि मग पट घटला म्हणून दुसरा शिक्षक नाही.

शिक्षण खात्याला माझी विनंती एवढीच की निर्णय घेण्याआधी प्रत्येक कमी पटाच्या शाळेतली मुले कोणत्या घरांतली, घरी काय बोलतात, चालत किती येतात, हे नावानिशी बघावे. ही माहिती शाळा दरवर्षी ऑनलाइन भरतातच, नवी समिती नेमायची गरज नाही. आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांनी पाहणीला यायचे असेल तर भर पावसात यावे, सकाळी आठच्या आत. गाडी देवळाजवळ ठेवून त्या साकवावरून पुढच्या शाळेपर्यंत मुलांबरोबर चालत जावे. मी सोबत येईन.

आपली,
एक पालक, सत्तरी