बाळ्या, लाल आलाच नाही

सोलापूर, ९ मार्च

प्रिय बाळ्या,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा "जेवून करतो" म्हणालो होतो. ते जेवण अजून चालू आहे असं समज. शिव्या भेटल्यावर दे, आत्ता ऐक. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. आईची शुगर काठावर. नळाला पाणी पाच दिवसाआड.

तर, मी चित्रं काढली. हस बे. मीच, ज्याच्या जर्नलमधला अमिबा बघून सरांनी "हा आफ्रिका खंड कशाला?" विचारलं होतं. आणि रंग म्हणून वापरले जिवाणू.

विज्ञान दिनाला कॉलेजात आमच्या खात्यात दरवर्षी तेच असतं. हात धुवा, टायफॉईड, हगवण आणि दात विचकणारे हिरवे राक्षस. वीस वर्षं ते राक्षस मीच भिंतीला लावतोय. यंदा पोरं म्हणाली, सर, राक्षस पुरे, प्लेटमध्ये चित्रं काढू. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगला हाच नाद होता. नर्तकी, घर, सैनिक, सगळं तो जिवाणूंनी रंगवायचा. एवढं सांगितलं आणि पोरांना परवानाच मिळाला.

जिवाणू वाढवायला काचेच्या प्लेटमध्ये ओततात ते आगर म्हणजे आईच्या डब्यातलं चायनाग्रासच. जंतूंवर काम करणाऱ्या कॉखच्या प्रयोगशाळेत हेस नावाचा एक जण होता, तो जिवाणू जिलेटिनवर वाढवायचा आणि ते उन्हाळ्यात वितळायचं. १८८१ मध्ये त्याच्या बायकोने, फॅनीने, स्वयंपाकघरातलं आगर सुचवलं. नवऱ्याच्या कामातली चित्रंही तीच काढायची. आपण सोलापुरात जिलेटिन घेऊन बसलो असतो तर सरबतच प्यावं लागलं असतं. तर त्या आगरावर तारेच्या लूपने जिवाणू ओढायचे. ओढताना काहीच दिसत नाही, ओल्या बोटाने पाटीवर लिहिल्यासारखं. एक-दोन दिवस थांबलं की चित्र आपलं आपण वर येतं. तुला हे जमलं नसतं. तुला ब्रश टेकवल्या टेकवल्या मागे सरकून बघायचं असतं.

पूर्व भागातली एक पोरगी आहे, वडिलांचे माग आहेत. तिने चादरीच्या डिझाईनचा ग्राफ प्लेटखाली धरला आणि चौकोनावर चौकोन मोजत टिंबं टाकली. तिसऱ्या दिवशी प्लेटमध्ये पिवळा मोर. एकेक टिंब म्हणजे एकेक वसाहत, टाचणीच्या डोक्याएवढी, लोण्यासारखी चकचकीत. तिला सांगितलं, जिवाणू पहिल्यांदा पाहिले ते एका कापडवाल्याने. डेल्फ्टचा लेवेनहुक, दुकानातलं सूत भिंगाने तपासणारा माणूस. त्यानेच १६८३ मध्ये दातांवरचं कीट भिंगाखाली धरलं. ती म्हणाली, "म्हणजे आमच्यातलाच की सर." लेवेनहुकला चित्र नीट यायचं नाही. पगार देऊन चित्रकार ठेवला होता त्याने. हे तिला नाही सांगितलं, तुला सांगतोय.

नंदीध्वजाची प्लेट माझी, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत लग्नाला नवरदेवासारखा सजवून मिरवतात तो. बाराबंदीला पांढरा, हळदीला पिवळा, बाशिंगाला लाल. लाल म्हणजे सेरेशिया नावाचा जिवाणू, कुंकवासारखा. तो अगदीच गरीब जात नाही, म्हणून पोरांच्या हाती न देता मीच ओढला. आणि सवयीने प्लेट ३७ डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या उबदार कपाटात, सारून घरी गेलो. सकाळी बघतो तर बाशिंग पांढरं फटक! बाळ्या, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. सेरेशिया लाल होतो २५-३० डिग्रीला, ३७ ला रंग धरत नाही. ३७ म्हणजे माणसाच्या अंगाचं तापमान. आमचा हात आपोआप तिथेच जातो, कारण आम्हाला जिवाणू बघायचा असतो तो माणसात शिरलेलाच. दिवसभर प्लेट बाहेर टेबलावर ठेवली तेव्हा कुठे कडेला गुलाबी आला. शिपायाने विचारलं, "सर, नवरदेव विधुर आहे काय?"

लोक मात्र आले. एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून दारातच उभे होते, दहा मिनिटांनी मोराबरोबर सेल्फी काढत होते. मला बरं वाटायच्या आधी धास्तीच वाटली. मोर बघून गेलेला माणूस घरी जाऊन हात धुणार आहे का? पण राक्षस बघून तरी कोण धूत होतं? तीच माणसं साध्या सर्दीला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात आणि दोन दिवसांत सोडून देतात. भीती घालून वीस वर्षांत एवढीच कमाई.

आणि मग आई आली. डबा द्यायला आली होती खरं तर. सगळ्या प्लेटा बघितल्या, टेपने बंद केलेल्या. दह्याच्या प्लेटपाशी थांबली. "विरजणाला कुणी जंतू म्हणतं का रे?" पोरं हसली. मग माझ्याजवळ येऊन हळू विचारलं, "अण्णांच्या पायातला कुठला?"

तुला सांगायला नको. ते एकोणीस दिवस तूच रात्री बसायचास. ड्रेसिंगवरचा तो हिरवा आणि तो गोड वास. स्युडोमोनास. पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो त्याला, पुस्तकातही असंच लिहिलंय. जिल्हाभर द्राक्षांचे मळे आणि मी फेब्रुवारीत मंडईला वळसा घालून जातो.

म्हणालो, "तो यात नाही." म्हणाली, "त्यालाच का वगळलं? त्याचं पण काढ की."

कॉलेजात काढता येत नाही, ते नियम आहेतच, आणि बरोबरच आहेत. पण खरं सांगू, रंग फार देखणा आहे त्याचा. निळसर हिरवा, अख्ख्या आगरात उतरतो, काचेतून उजेड धरला तर तळ्यासारखा. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. आणि तेव्हापासून डोक्यात तो कागद आहे. वॉर्डात तू अण्णांचे हात काढत होतास, मी "अशा वेळी कसली चित्रं काढतोस" म्हणून फाडला. त्यावरून तू मला वर्षभर बोलला नाहीस आणि मी वर तुलाच आडमुठा ठरवलं. कागद चांगला होता. हात तसेच होते.

प्रदर्शन संपल्यावर सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या मोठ्या कुकरमध्ये, १२१ डिग्री, १५ मिनिटं. मोर, बुरूज, नंदीध्वज, एका बादलीत पिवळट रस्सा. पोरगी "सर, फोटो आहे माझ्याकडे" म्हणाली. मीच बादलीपाशी जरा वेळ उभा राहिलो.

कावेरीची दहावी चालू असेल, तिला माझ्याकडून बेस्ट लक. जागेचा घोळ मिटला का? वहिनींना शेंगा चटणी पाठवतोय, या खेपेला डबा गळका नाही.

तिची परीक्षा संपली की ये. दोन दिवस काढ. आईला चित्र हवंय आणि माझ्याच्याने आफ्रिका खंडच होईल. रंग तुझेच आण, इथे नव्या पेठेत हिरवा मिळतो तो फार पोपटी.

तुझा,
पम्या