बाळाला वर्षभर मध नकोच

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत बोटॉक्सवरचा लेख वाचला, सुरकुत्या, खर्च, क्लिनिक सगळं आलं पण ते इंजेक्शन मुळात काय आहे आणि तेच विष तान्ह्या बाळाच्या पोटात कसं तयार होऊ शकतं हे राहिलं, म्हणून लिहितेय.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा बॅक्टेरिया मातीत, धुळीत, तळ्याच्या गाळात असतो. त्याचे बीजाणू म्हणजे स्पोअर फार चिवट, हवा नसलेली जागा मिळाली की रुजतात आणि बोटॉक्समधलंच हे विषारी प्रोटीन बनवतात. त्याचे दोन भाग, मोठा साधारण 100 किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं माप), छोटा 50 चा, दोघं सल्फरच्या एका बंधाने जोडलेले. मोठा भाग नसेच्या (म्हणजे मज्जातंतूच्या) टोकाला चिकटतो आणि छोट्याला आत सोडतो, छोट्यात झिंक असतं आणि तो कात्रीसारखा नसेतलं स्नॅप-25 हे प्रोटीन कापतो (निदान या विषाच्या ए प्रकारात तरी), मग नसेकडून स्नायूला ॲसिटिलकोलीन, म्हणजे हालचालीचा निरोप देणारं रसायन, जातच नाही, स्नायू लुळा पडतो. डॉक्टरांनी अगदी सूक्ष्म डोस दिला तर हेच औषध, 1989 मध्ये अमेरिकेत तिरळेपणासाठी मंजूर झालं.

आता मध. मधात हे स्पोअर असू शकतात, मध कितीही शुद्ध असो, घरच्या पोळ्याचा असो. मोठ्यांच्या आतड्यातले बॅक्टेरिया त्यांना रुजू देत नाहीत पण वर्षाच्या आतल्या बाळात ते रुजतात आणि विष आतच बनतं. हा आजार 1976 मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ओळखला गेला. उकळूनही उपयोग नाही, विष उष्णतेने जातं पण स्पोअर मारायला प्रेशरखाली 121 डिग्री लागतात. बाळाला आधी बद्धकोष्ठता, मग नीट ओढून दूध पिता येत नाही, रडणं क्षीण, पापण्या जड, मान टाकतं, श्वासाचे स्नायू गेले तर व्हेंटिलेटर.

आजार दुर्मिळ आहे, मान्य. पण आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवतात, घुटी मधात उगाळतात, आणि हे सगळं आजी लोक प्रेमानेच करतात, त्यांना कोणी कारण समजावूनच सांगितलेलं नसतं. तसंही पहिले सहा महिने फक्त आईचं दूध असं डॉक्टर सांगतातच.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या आरोग्य पानावर ठळक चौकटीत छापा, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, बोटभरसुद्धा नाही. आशाताईंनाही ते कात्रण घरोघरी दाखवता येईल.

– एक वाचक, सातारा