शालनला, लोकर धुण्याआधी

चि. शालन,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू एसटीत पोतं चढवलंस आणि वळूनही न बघता जाऊन बसलीस. रागव हवं तर, पण ते पोतं झोपायच्या खोलीत ठेवू नको. फोनवर एक वाक्य बोलताना तुला दोनदा थांबावं लागतं, ते मला ऐकू येतं.

त्या लोकरीत लेंड्या आहेत, कुसळं आहेत, सहा महिन्यांची धूळ आहे. आधी गच्चीवर ने. तोंडाला ओला फडका बांध आणि वाऱ्याकडे पाठ करून झाड. पोटाखालची, शेपटीकडची बरबटलेली लोकर सरळ काढून टाक. उरलेली रात्रभर गार पाण्यात भिजव. घामाचं, मातीचं तपकिरी पाणी सुटेल, ते कुंड्यांना घाल.

मग रिठ्याचं कढत पाणी, ६० अंशांच्या आसपास. हातमोजे घाल. लोकरीतलं मेण ४० अंशांच्या सुमारास वितळतं आणि पाणी निवलं की तेच परत केसांवर बसतं, म्हणून पाणी गरम आहे तोवरच उपसायची. वरून धार सोडायची नाही, चोळायची नाही, नुसती दाबून बुडवायची. घुसळलीस की केसात केस अडकून तिची लादी होते. विसळायचं पाणीही तसंच गरम घे. आपल्या दख्खनी मेंढीला मेण कमी, फार पाणी लागणार नाही. वाफेवर तोंड धरू नको, दम लागला की ओढायचा पंप हाताशी ठेव.

मी परत मास्तरकी करायला लागलो, माफ कर. यातलं बरंच तू वाचलं असशील.

तुझी आजी कातरणीआधी अख्खा कळप ओढ्यात घालायची. ओचा खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभी, एकेक मेंढी मानेला धरून अंगावरच लोकर धुवायची. सूत कातून सणगराकडे द्यायची, तो चिंचोक्याची खळ लावून घोंगडं विणायचा. आता लोकरीच्या पैशातून कातरणीची मजुरीही निघत नाही, मेंढ्यांच्या वाड्यावरची पोरं ती रानातच टाकून पुढे जातात. आणि माझी मुलगी तीच लोकर पोतं भरून पुण्याला घेऊन गेली. मी हे तिकडच्या पाव्हण्यांनाही सांगितलं. तुला तोंडावर सांगायला जमलं नाही.

पण आजीची छाती अशीच वाजायची गं. घोंगडी झटकली की खोकत बसायची आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. स्टँडवर माझा आवाज चढला तो त्यापायी.

मेलेल्या मेंढीची लोकर कुणी फुकट दिली तरी घेऊ नको, काळपुळीची भीती असते, तो जनावराचा जीवघेणा रोग माणसालाही लागतो. धुतलेली सावलीत जाळीवर पसर, आतून पुरती वाळल्याशिवाय भरू नको, कुबट वास धरते. आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. नुसतं ‘दम लागतो’ म्हणून येऊ नको, लोकरीचं काम करते हे त्यांना सांग. पैसे आईने पाठवलेत.

तुझे,
आप्पा